बेरजेचा, बहराचा की बादफेरीचा? विश्वचषकाच्या तीन सर्वकालीन संघांची तुलना

नाशिकच्या इंदिरानगरला माझ्या भाच्याच्या सोसायटीत यंदा दिवाळीच्या सुट्टीत एक खेळ ठरलाय. ज्याने त्याने एकदिवसीय क्रिकेटचा आपला सर्वकालीन संघ काढायचा, पाच मिनिटं त्याची बाजू मांडायची आणि मग सगळ्यांनी मत द्यायचं. अट एकच. निवड फक्त विश्वचषकातल्या कामगिरीवर झाली पाहिजे. कसोटी, आयपीएल, इतर मालिका यांतलं काही चालणार नाही. भाचा वहीत तीन याद्या घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, यातली कुठली नेऊ ते सांग. मला तिन्ही बरोबर वाटतायत."

दोन रविवार सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारताना आम्ही याच विषयावर बोललो. असा संघ निवडायची वेळ कुणावरही येऊ शकते, म्हणून तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून मला जे वाटलं ते इथे लिहितोय.

पहिला संघ: बेरजेचा

यात डोकं चालवावंच लागत नाही, हे त्याचं मोठं बळ. विश्वचषकात सर्वाधिक धावा करणारे पाच जण घ्या: सचिन तेंडुलकर २२७८, विराट कोहली १७९५, रिकी पाँटिंग १७४३, रोहित शर्मा १५७५, कुमार संगकारा १५३२. यष्टिरक्षक म्हणून सर्वाधिक ५४ बळीही संगकाराचेच, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो. मग सर्वाधिक विकेट घेणारे पाच: ग्लेन मॅकग्रा ७१, मुथय्या मुरलीधरन ६८, मिचेल स्टार्क ६५, लसिथ मलिंगा ५६, वसीम अक्रम ५५. अकरावी जागा अष्टपैलूची. तिथे १३३२ धावा आणि ४३ विकेट असलेल्या शाकिब अल हसनच्या आसपासही कुणी नाही.

झाला संघ. सोसायटीतल्या कुणीही "हा का घेतला?" म्हटलं, तर आकडा पुढे करायचा. एकच जागा वादाची, कारण मोहम्मद शमीच्याही ५५ विकेट आहेत. अक्रमला त्यासाठी ३८ सामने लागले, शमीला अवघे १८. पण अक्रम सातव्या क्रमांकावर बॅट चालवतो आणि या संघाला तिथे माणूस हवाच आहे. त्याच्यानंतर स्टार्क, मलिंगा, मुरली, मॅकग्रा असं तळाच्या फलंदाजांचं शेपूट सुरू होतं.

या संघाची खरी अडचण मात्र वेगळी आहे. बेरीज जास्त सामने खेळलेल्याला झुकतं माप देते. १९७५ साली विश्वचषक जिंकायला वेस्ट इंडीजला पाच सामने पुरले. २०२३ मध्ये अंतिम फेरी गाठणारे दोन्ही संघ ११ सामने खेळले. व्हिव्ह रिचर्ड्स चार विश्वचषक खेळला, पण सामने मिळाले २३. त्यात त्याने ६३.३१ च्या सरासरीने १०१३ धावा केल्या. सचिनचे सामने ४५. त्यामुळे पहिल्या यादीत १९८७ च्या आधी विश्वचषक खेळलेला एकही माणूस नाही. कपिल नाही, रिचर्ड्स नाही, वेस्ट इंडीजचा कर्णधार लॉइड नाही. सर्वकालीन म्हणायचं आणि पहिले तीन विश्वचषक गाळून टाकायचे, हे मला पटत नाही.

ज्यांच्या काळात एकदिवसीय सामनेच नव्हते, त्यांच्याबद्दल काही करता येत नाही. बापू नाडकर्णींचा जन्म नाशिकचा. १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ निर्धाव षटकं टाकली; त्या डावातले त्यांचे आकडे ३२-२७-५-० (षटकं, निर्धाव, धावा, विकेट). असा गोलंदाज पन्नास षटकांच्या सामन्यात काय करू शकला असता याचा विचार आम्ही गोल्फ क्लबवर नेहमी करतो. पण पहिला एकदिवसीय सामना १९७१ चा, आणि तोवर बापू निवृत्त झाले होते. रिचर्ड्स आणि लॉइड मात्र खेळले आणि जिंकलेही. त्यांना वगळणारी मोजपट्टी बदलायलाच हवी.

दुसरा संघ: बहराचा

भाच्याची आवडती यादी ही. नियम असा, की एका विश्वचषकातून एकच खेळाडू घ्यायचा आणि त्याची तेवढ्या एकाच स्पर्धेतली कामगिरी धरायची. रोहित २०१९ चा: ६४८ धावा, पाच शतकं. सचिन २००३ चा: ६७३ धावा, सेंच्युरियनला पाकिस्तानविरुद्धच्या ९८ धरून. कोहली २०२३ चा: ७६५ धावा, एका विश्वचषकातला विक्रम. संगकारा २०१५ चा: लागोपाठ चार सामन्यांत चार शतकं. युवराज २०११ चा: ३६२ धावा, १५ विकेट. कपिल १९८३ चा: ३०३ धावा, १२ विकेट. लान्स क्लूसनर १९९९ चा: २८१ धावा, १७ विकेट आणि अख्ख्या स्पर्धेत बाद फक्त दोनदा. अक्रम १९९२ चा: १८ विकेट. अनिल कुंबळे १९९६ चा: १५ विकेट, त्या स्पर्धेत सर्वाधिक. मॅकग्रा २००७ चा: २६ विकेट. आणि १९७५ चा ऑस्ट्रेलियाचा गॅरी गिल्मोर, ज्याच्याबद्दल पुढे बोलतो.

ही यादी वाचताना मन भरून येतं. फलंदाजी आठव्या क्रमांकापर्यंत भक्कम, गोलंदाजीला सात माणसं, आणि अकरात सहा भारतीय. सोसायटीत मतं मिळवायची असतील, तर यापेक्षा सोपा रस्ता नाही. टनब्रिज वेल्सला १७ ला ५ (१७ धावांत ५ बाद) असताना कपिल उभा राहिला आणि नाबाद १७५ काढल्या, एवढं सांगितलं तरी अर्धी मतं खिशात.

पण मी भाच्याला म्हटलं, या प्रत्येकाच्या नावापुढे त्याच स्पर्धेतला त्याचा शेवटचा सामना लिही. त्याने लिहिला. २००३ च्या अंतिम सामन्यात सचिन ४ वर बाद, मॅकग्राच्या पहिल्याच षटकात. २०१९ च्या उपांत्य सामन्यात रोहित १. २०१५ च्या उपांत्यपूर्व सामन्यात संगकारा ४५, पण ९६ चेंडूंत. क्लूसनरने १९९९ च्या उपांत्य सामन्यात एजबॅस्टनला १६ चेंडूंत नाबाद ३१ करून सामना बरोबरीत आणला, जिंकायला एक धाव उरली, आणि डोनाल्ड धावचीत झाला. यात कुणाचीही थोरवी कमी होत नाही. सचिनने २०११ च्या उपांत्य सामन्यात मोहालीला पाकिस्तानविरुद्ध ८५ काढून सामनावीराचा मान घेतला आहे. मोठ्या सामन्यात तो खेळत नाही असं कुणी म्हटलं, तर मी तिथल्या तिथे भांडेन. पण साखळीतल्या धावा आणि हरलं की घरी जायचं अशा सामन्यातल्या धावा एकाच पारड्यात घालता येत नाहीत. बहर मोजताना दोन्हींची किंमत सारखीच लागते.

तिसरा संघ: बादफेरीचा

म्हणून तिसऱ्या यादीत फक्त उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम सामने धरले. ही यादी बऱ्याच अंशी मी सुचवली, त्यामुळे माझा ओढा तिकडे आहे हे उघड सांगतो.

सलामीला अ‍ॅडम गिलख्रिस्ट आणि ट्रॅव्हिस हेड. गिलख्रिस्टने लागोपाठ तीन अंतिम सामन्यांत ५४, ५७ आणि १४९ काढल्या; शेवटची खेळी १०४ चेंडूंत, ३८ षटकांच्या सामन्यात. हेडचं नाव काढलं की आपल्याकडे अजून घरात शांतता पसरते. १९ नोव्हेंबर २०२३ ला, अंतिम सामन्याच्या दिवशी, आमच्या गल्लीत फटाक्यांच्या माळा आणून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. त्या दिवशी ४७ ला ३ वरून त्याने १३७ केल्या आणि त्याआधी मागे धावत रोहितचा झेलही घेतला. उपांत्य सामन्यात ६२ धावा आणि दोन विकेट त्याच्याच. दुखणारी गोष्ट आहे, पण निवड प्रामाणिक करायची तर तो आलाच पाहिजे.

तिसरा पाँटिंग. २००३ च्या अंतिम सामन्यात नाबाद १४० आणि २०११ च्या उपांत्यपूर्व सामन्यात अहमदाबादला आपल्याविरुद्ध १०४. चौथा रिचर्ड्स, १९७९ च्या अंतिम सामन्यात नाबाद १३८. पाचवा श्रीलंकेचा अरविंद डिसिल्वा, आणि त्याच्यापाशी मी थोडा थांबणार आहे.

१३ मार्च १९९६ ची ईडन गार्डन्सवरची भारत-श्रीलंका उपांत्य लढत आम्ही पंचवटीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिली. श्रीनाथच्या पहिल्याच षटकात जयसूर्या आणि कालुवितरणा दोघंही गेले. खोलीत नुसता जल्लोष. १ ला २ असताना डिसिल्वा आला आणि कुणी काही सांगितलंच नसल्यासारखा खेळायला लागला. ४७ चेंडूंत ६६. पुढे आपली अवस्था ९८ ला १ वरून १२० ला ८ झाली आणि सामना थांबवावा लागला. त्या रात्रीचा राग सगळा प्रेक्षकांवर आणि खेळपट्टीवर निघाला. मला मात्र आज वाटतं की सामना त्या ६६ धावांनीच हातातून नेला होता. चार दिवसांनी लाहोरला अंतिम सामन्यात त्याने आधी तीन विकेट घेतल्या, मग २३ ला २ असताना येऊन नाबाद १०७ केल्या. विश्वचषकाच्या शेवटच्या दोन सामन्यांवर एका माणसाची एवढी छाप दुसऱ्या कुणाची मला आठवत नाही.

सहावा क्लाइव्ह लॉइड, कर्णधार. सातवा मोहिंदर अमरनाथ: १९८३ च्या उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत सामनावीर, अंतिम सामन्यात १२ धावांत ३ विकेट. आठवा अक्रम. १९९२ च्या अंतिम सामन्यात मेलबर्नला १८ चेंडूंत ३३ आणि मग लॅम्ब व लुईस यांचे लागोपाठच्या दोन चेंडूंवर उडवलेले त्रिफळे. नववा गिल्मोर, दहावा शेन वॉर्न, अकरावा जोएल गार्नर. वॉर्नने १९९६ चा उपांत्य, १९९९ चा उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही सामन्यांत चार-चार विकेट घेतल्या. गार्नरने १९७९ च्या अंतिम सामन्यात ३८ धावांत पाच.

आता गिल्मोर. कारकिर्दीत एकूण पाच एकदिवसीय सामने. १९७५ ला साखळीत त्याला खेळवलंच नव्हतं. उपांत्य सामन्यात १४ धावांत ६ विकेट, मग ३९ ला ६ असताना येऊन नाबाद २८, आणि अंतिम सामन्यात ४८ धावांत ५. "दोन सामन्यांच्या जोरावर सर्वकालीन संघात?" हा प्रश्न सोसायटीत येणार हे नक्की. तिसऱ्या संघाचा कच्चा दुवा हाच आहे: पुरावा थोडा. एखाददुसऱ्या सामन्यावर माणूस आत येतो, आणि ज्याच्या देशाला बादफेरी फारशी पाहायलाच मिळाली नाही असा शाकिब आपसूक बाहेर राहतो. ज्याला हे खटकतं त्याने गिल्मोरच्या जागी शमी घ्यावा. २०२३ च्या उपांत्य सामन्यात वानखेडेवर ५७ धावांत ७ विकेट, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

समोरासमोर ठेवल्यावर

फलंदाजी कागदावर पहिल्या संघाची सरस, खोली दुसऱ्याची. गोलंदाजीत पहिला पुढे: नवा चेंडू अक्रम आणि स्टार्ककडे, मधली षटकं मुरलीकडे, शेवटी मलिंगाचे यॉर्कर. गिलख्रिस्ट आणि हेडसारख्या डावखुऱ्यांनाही ते जड जाईल.

क्षेत्ररक्षणात मात्र तिसरा संघ फार पुढे आहे, आणि हे बेरजेत दिसत नाही. १९७५ च्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाचे पाच फलंदाज धावचीत झाले, त्यातले तीन रिचर्ड्समुळे. वेस्ट इंडीज जिंकलं १७ धावांनी. रिचर्ड्सने त्या दिवशी बॅटने फारसं काही केलं नव्हतं. धावांच्या रकान्यात तो सामना शोधूनही सापडत नाही. पॉइंटवर पाँटिंग, कव्हरला लॉइड, मिडविकेटला रिचर्ड्स असं लावून पाहा. चोरटी एक धाव घेताना समोरचा दोनदा विचार करेल.

खेळ कसा ठरलाय यावर मी निवड करीन. सगळे संघ एकमेकांशी साखळीत भिडवून गुण मोजायचे असतील, तर पहिला. आठ-नऊ सामन्यांत बेरजेची माणसंच सातत्याने पुढे राहतात. मतं गोळा करायची असतील, तर दुसरा. पण एकच सामना, हरलं की संपलं, असं असेल तर मी तिसरा नेईन आणि लॉइडला नाणेफेकीला पाठवीन.

तिन्ही याद्यांत नाव एकाच माणसाचं आहे: वसीम अक्रम. कुठलाही नियम लावा, तो सुटत नाही. संघ कुठलाही घेतलास तरी नवा चेंडू त्याच्याकडे दे, एवढं मी भाच्याला बजावलंय.

त्याने तिसरा घेतला. एक बदल मात्र त्याला हवाय: लॉइडच्या जागी धोनी. म्हणतो, २०११ च्या अंतिम सामन्यात ११४ ला ३ असताना युवराजच्या आधी स्वतः आला, ७९ चेंडूंत नाबाद ९१ केल्या, कर्णधारही आहेच. मी म्हटलं, लॉइड १९७५ च्या अंतिम सामन्यात ५० ला ३ असताना आला, ८५ चेंडूंत १०२ केल्या, बारा षटकं टाकली आणि कप उचलला. शिवाय यष्टींमागे गिलख्रिस्ट असताना धोनीला क्षेत्ररक्षणाला कुठे उभा करणार? यावर तो थोडा अडला. वहीत आज सहाव्या क्रमांकावर दोन नावं आहेत, लॉइडचं पेनने आणि धोनीचं पेन्सिलीने.