सेरावान चेस: उन्हाळा ते दिवाळी खेळून झाल्यावर

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कट्ट्यावर एक गडी बुद्धिबळाच्या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा-पंधरा चाली तोंडपाठ करून यायचा आणि डाव रंगायच्या आतच समोरच्याला गुंडाळायचा. त्याची मस्ती उतरवायला म्हणून सेरावान चेस हा बुद्धिबळाचा वेगळा प्रकार सुरू केला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "भावा, हे कुठनं काढलंस?" आता तोच सगळ्यात आधी पट मांडून बसतो.

ग्रँडमास्टर यासर सेरावान आणि ब्रूस हार्पर यांनी २००७ मध्ये हा प्रकार आणला. पट तोच ६४ घरांचा, मांडणीही तीच. फक्त प्रत्येकाच्या हातात दोन जादा मोहरे असतात. ससाणा उंटासारखा आणि घोड्यासारखा चालतो. दुसरा हत्ती आणि घोडा मिळून झालेला, त्याला आम्ही ऐरावत म्हणतो. मागच्या ओळीतला मोहरा पहिल्यांदा हलला की त्याच चालीत, त्याने सोडलेल्या घरात हातातला एक मोहरा ठेवता येतो. ठेवायची सक्ती नाही. पण सगळे हलून झाले तर हातातला मोहरा हातातच राहतो. न हललेला मोहरा मारला गेला तर त्या घराचाही हक्क गेला. त्यामुळे समोरच्या घोड्याने कोपऱ्यातल्या ए ८ घरावरचा न हललेला हत्ती उचलला की दुहेरी मार बसतो.

हेच दोन मोहरे घेऊन जगज्जेत्या कॅपाब्लांकाने १९२० च्या दशकात मोठा पट सुचवला होता, १० बाय ८ चा. तसा पट आणायचा कुठून? इथे घरातला जुना व्हिनाइलचा चालतो, हा मोठा फायदा.

खरी गंमत मोहऱ्यांच्या चालीत नाही, ते कधी उतरवायचे यात आहे. घाई केली तर घोडे-उंट त्यांना हुसकावत फिरतात, वजीर लवकर बाहेर काढल्यावर होतं तसंच. फार थांबलात तर चांगली घरं संपतात. मला स्वतःला कॅसलिंगची (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याची) वेळ आवडते, कारण तेव्हा राजाचं किंवा हत्तीचं, कुठलंही एक घर निवडता येतं. ई फाईल, म्हणजे राजाची उभी ओळ, मोकळी असेल आणि समोरचा राजा अजून मधेच रेंगाळत असेल, तर आपल्या राजाने सोडलेल्या ई १ वर ऐरावत ठेवला की थेट शह! पहिल्यांदा हे अंगावर आलं की समोरचा नियमाचा कागद मागतो.

नवखे ऐरावतावर भाळतात. माझं मत ससाण्याच्या बाजूने. तो एकटाच मात करतो: समोरचा राजा एच ८ च्या कोपऱ्यात, ससाणा एफ ६ वर, बाकी पट रिकामा असला तरी चालेल. तिरक्या रेषेवरून शह, जी ७ त्याच रेषेत अडलेलं, आणि जी ८, एच ७ ही दोन्ही घरं घोड्याच्या चालीने बंद. कोपऱ्यातल्या राजाला तिथून सुटका नाही.

तक्रारीही आहेत. मधल्या डावात गर्दी फार होते; दोन्हीकडचे वजीर, ससाणे आणि ऐरावत मिळून सहा भारी मोहरे आणि घरं तेवढीच. दहा मिनिटांच्या घड्याळावर नुसती कत्तल होते, निदान अर्धा तास तरी द्या. स्पर्धा खेळणाऱ्या पोरांना स्पर्धेच्या तोंडावर हे देऊ नये, चालींची नजर बिघडते, असं आमच्यातल्या एका शिक्षकांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, पण त्यांची पोरं जिंकतात, त्यामुळे गप्प बसतो.

सरावाला पायचेस साइटवर हा प्रकार आहे, संगणकाशीही खेळता येतो. समोरासमोर खेळायला मात्र मोहरे लागतात. आम्ही उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर करून घेतले: पांढऱ्यांसाठी पितळ, काळ्यांसाठी एम.एस. (साधं पोलाद). लेथवर चोच नि सोंड कशी निघणार, म्हणून ससाण्याला तिरकी चीर आणि ऐरावताच्या डोक्यावर गोळी. वजन असं भारी की मोहरा ठेवल्याचा ठक्क आवाज होतो. पण कोल्हापूरचा पाऊस! जुलैमध्ये एम.एस.चे मोहरे गंजले आणि पटावर तांबूस कडी उमटल्या, त्या पुसून जात नाहीत. करायला टाकाल तेव्हा ब्लॅकोडाइज (गंज रोखणारा काळा थर) करून घ्या आणि तळाला फेल्ट चिकटवा, किंवा सरळ लाकडाचे करा.