नागासाकी: काय बघाच, काय सोडलं तरी चालतं

जपानला जाणारे बहुतेक जण टोकियो, क्योटो, ओसाका आणि फार तर हिरोशिमा करून परत येतात, नागासाकीपर्यंत फारसं कोणी पोचत नाही कारण ते पार खाली क्यूशू बेटाच्या पश्चिम टोकाला आहे. जे पोचतात तेही फुकुओकाहून सकाळी येणार, अणुबॉम्बचं म्युझियम आणि पीस पार्क करणार, फोटो काढणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत. माझं मत विचाराल तर ही दिवसाची सहल म्हणजे पैसे वाया. निदान दोन रात्री तरी काढा, जमल्या तर तीन.

आता जायचं कसं ते सांगतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथे शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली, पण ती अजून हाकाताला, म्हणजे फुकुओकाच्या मुख्य स्टेशनला, जोडलेली नाही, मधे ताकेओ ओनसेनला गाडी बदलावी लागते. घाबरू नका, समोरच्याच प्लॅटफॉर्मवर दुसरी गाडी उभी असते, बॅगा उचलून चार पावलं टाकायची एवढंच. सगळे मिळून दीड तास धरा.

शहर समजून घ्यायचं असेल तर नकाशात आधी डोंगर बघा. लांबट चिंचोळी खाडी आणि तिन्ही बाजूंनी डोंगर, म्हणून तर जहाजांना इतका आडोसा मिळाला आणि १५७१ पासून पोर्तुगीज इथे यायला लागले. याच डोंगरांमुळे घरं उतारावर चढत गेलीत, कितीतरी गल्ल्यांत गाडी शिरतच नाही, नुसत्या पायऱ्या. आणि याच डोंगरांमुळे १९४५ च्या अणुबॉम्बमध्ये उत्तरेकडचं उराकामी खोरं खलास झालं पण जुन्या बंदराकडचा दक्षिणेचा भाग बऱ्यापैकी आडोशाला राहिला, म्हणून तिकडची जुनी घरं, चर्च, चिनी देवळं आज बघायला मिळतात. हे एकदा डोक्यात बसलं की शहरात फिरायला वेगळीच मजा येते.

फिरायला ट्राम झकास. १९१५ पासून चालू आहे, कुठेही चढा कुठेही उतरा भाडं एकच, साधारण दीडशे येनच्या आसपास. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि पैसे उतरताना द्यायचे. डब्यात टाकलेल्या पैशातून सुट्टे परत येत नाहीत, म्हणून ट्राम थांबलेली असताना शेजारच्या मशीनमध्ये नोट मोडून घ्या, नाहीतर सरळ आयसी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून मशीनला टेकवायचं कार्ड, वापरा. लाईनींचे नंबर १, ३, ४, ५ असे आहेत, २ नंबरची वाट बघत उभे राहू नका, ती एरवी धावत नाही. चायनाटाऊनच्या स्टॉपवर लाईन बदलायची असेल तर कार्डवाल्यांना दुसऱ्यांदा भाडं लागत नाही, हे कार्ड घ्यायचं आणखी एक कारण.

सगळ्यात आधी देजिमा. लोक याला पाऊण तास देतात आणि "सगळं नवीनच बांधलंय की" म्हणून नाक मुरडतात. बांधलंय नवीनच, खोटं कशाला बोलू. खाडी बुजवून १६३६ साली तयार केलेलं पंख्याच्या आकाराचं हे छोटं बेट, आधी पोर्तुगीजांना त्यावर ठेवलं, १६३९ ला त्यांना हाकललं आणि १६४१ मध्ये डच लोकांना हिरादो या दुसऱ्या बंदरावरून उचलून इथे आणलं. पुढे दोनशेहून जास्त वर्षं युरोपशी जपानचा व्यापार या एवढ्याशा जागेतून चालला. डच माणसांना परवानगीशिवाय पूल ओलांडून शहरात जाता यायचं नाही. नंतर आजूबाजूचा समुद्रच बुजवला, त्यामुळे आज हे बेट शहराच्या मधोमध आहे आणि बाजूने ट्राम जाते, पहिल्यांदा बघताना डोक्याचा पार गोंधळ होतो. तिकीट पाचशे येनच्या जरा वर आहे आणि रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून मी तर म्हणेन संध्याकाळी जा, ग्रुपवाले तोवर गेलेले असतात.

आत गेल्यावर मुख्य डच अधिकाऱ्याच्या घराचा वरचा मजला अजिबात चुकवू नका. खाली जपानी तातामी, म्हणजे गवती चटया, त्या तातामीवर थेट उंच पायांच्या युरोपियन खुर्च्या आणि लांब टेबल, भिंतींना नक्षीदार जपानी कागद चिकटवलेला, वर झुंबर. बूट काढून मोज्यांवर फिरायचं. ख्रिस्ती धर्मावर बंदी होती त्यामुळे ख्रिसमस उघड साजरा करता यायचा नाही, मग हे लोक त्याला "डच लोकांचा हिवाळ्याचा सण" म्हणून जेवण घालायचे आणि जपानी अधिकाऱ्यांनाही बोलवायचे. डोकं बघा! गोदामांमध्ये साखर, लाकूड, रेशीम काय काय यायचं ते मांडलंय. साखर लक्षात ठेवा, खाण्याकडे येतो तेव्हा लागेल.

दुसरी जागा अशी की जिच्याबद्दल मराठी माणसाला कोणी सांगतच नाही. नागासाकी स्टेशनवरून पाच मिनिटं चढ चढला की निशिझाका नावाची टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ ला तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमावरून इथे २६ ख्रिश्चनांना क्रुसावर चढवून मारलं. त्यात वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा! गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, आधी व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन पंथाचा साधू झाला आणि दुभाष्या म्हणून परत जपानात आला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईच्या लोकांना हे पाठ असेल पण बाकीच्या महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे शंकाच आहे.

तिथे एक लांबलचक स्मारक आहे, १९६२ सालचं, फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराचं. ब्राँझच्या २६ मूर्ती एका ओळीत, समोर तोंड करून. क्रूस कुठेच दाखवलेला नाही. पण पाय बघा, सगळ्यांचे पाय खाली लोंबलेले, बोटं जमिनीकडे, म्हणजे माणसं उभी नाहीत, हवेत आहेत. मधेच तीन मूर्ती बुटक्या दिसतात, ती लहान मुलं, सगळ्यात धाकटा फक्त बारा वर्षांचा. धर्माबिर्माचं सोडा, शिल्प म्हणून सुद्धा हे नागासाकीतलं सगळ्यात चांगलं काम आहे आणि फुकट आहे. मागच्या म्युझियमला तिकीट आहे, वेळ असेल तर बघा. बाजूला दोन वेडेवाकडे मनोरेवालं चर्च आहे, फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं, फोटो मस्त येतात.

मग ओउरा चर्च आणि ग्लोव्हर गार्डन, दोन्ही चिकटूनच आहेत. इथे एक युक्ती सांगतो, सगळे जण खालून दुकानांच्या गल्लीतून चढत जातात आणि वर पोचेपर्यंत घामाघूम होतात. तुम्ही ट्रामने पाच नंबरच्या शेवटच्या स्टॉपला, इशिबाशीला जा, तिथून तिरकी चढणारी एक लिफ्ट आहे, फुकट, लोकांच्या रोजच्या ये-जा साठी बांधलेली. त्यानंतर अजून एक सरळ लिफ्ट आणि तुम्ही थेट बागेच्या वरच्या गेटला. मग आरामात खाली उतरत बघा. आईवडील बरोबर असतील तर हाच रस्ता.

ग्लोव्हर हा स्कॉटिश व्यापारी, त्याचं १८६३ चं लाकडी घर हे जपानमधलं टिकून असलेलं सगळ्यात जुनं पाश्चात्य पद्धतीचं लाकडी घर. खरं सांगू का, घरं बघून मला फार काही झालं नाही, फर्निचर, फुलं, दगडात लपवलेला बदामाचा आकार शोधणाऱ्या पोरी, ठीक आहे. पण व्हरांड्यातून बंदर दिसतं ते बघा, पलीकडच्या किनाऱ्यावर मित्सुबिशीच्या कारखान्यात एक जुनाट प्रचंड क्रेन उभी दिसेल, ती १९०९ ची आहे.

चर्चचं तिकीट हजार येन, चर्चच्या मानाने महाग वाटतं आणि आत फोटो काढू देत नाहीत, तरी जा. १८६४ ला हे बांधून झालं, परदेशी लोकांसाठी. १८६५ च्या मार्चमध्ये उराकामीचे काही गावकरी आत आले आणि फ्रेंच पाद्री पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आम्हीही तुमच्याच धर्माचे. म्हणजे बंदी, छळ, पाद्री नाहीत, पुस्तकं नाहीत, असं असताना अडीचशे वर्षं घराघरात लपून धर्म जपला. त्याच गावकऱ्यांना पुढे हद्दपार केलं, १८७३ ला बंदी उठल्यावर ते परत आले आणि उराकामीत स्वतःचं मोठं चर्च उभं केलं. आणि ९ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तो त्या चर्चपासून जेमतेम पाचशे मीटरवर. म्हणून माझं म्हणणं आहे की आधी ओउरा बघा आणि मग उराकामी, उलटं केलं तर अर्धी गोष्ट हातातून जाते.

अणुबॉम्ब म्युझियमचं तिकीट फक्त दोनशे येन. आत शिरल्या शिरल्या अकरा वाजून दोन मिनिटांना थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ. त्या दिवशी विमान खरं तर कोकुरा शहरावर बॉम्ब टाकायला निघालं होतं, तिथे खाली काही दिसेना म्हणून इकडे वळलं. १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसं गेली. म्युझियम हिरोशिमापेक्षा लहान आहे पण मला जास्त भिडलं, कदाचित गर्दी कमी असते म्हणून असेल. लहान मुलांना नेणार असाल तर आधी तुम्ही विचार करा, काही फोटो फार भयानक आहेत. बाहेर पडल्यावर लगेच पीस पार्कच्या मोठ्या पुतळ्याकडे धावू नका, आधी बाजूच्या भूमिगत स्मारकात जाऊन बसा, पाणी आणि काचेचे खांब आहेत, फुकट आहे आणि बसायला जागा मिळते. मग खाली स्फोटकेंद्राच्या बागेत या, तिथे काळा दगडी खांब आहे, बाजूला चर्चच्या पडक्या भिंतीचा तुकडा आणून ठेवलाय आणि नदीकडे उतरलं की काचेमागे तेव्हाच्या जमिनीचा थर दाखवलाय, कौलं, विटा, काचा, जसंच्या तसं. पुतळा १९५५ चा, दहा मीटरच्या जवळपास उंच, वर केलेला उजवा हात बॉम्बकडे आणि आडवा डावा हात शांततेकडे. कलाकृती म्हणून मला तो काही झेपला नाही, पण ते माझं मत.

चालायची तयारी असेल तर सान्नो देवळाचं एका पायावर उभं असलेलं दगडी तोरी, म्हणजे देवळाचं प्रवेशद्वार, बघून या, अर्धं स्फोटात उडालं, अर्धं तसंच आहे.

आता गुनकानजिमा. सगळ्या रीलमध्ये हेच दिसतं, समुद्रात सोडून दिलेलं कोळसा खाणीचं बेट, १९७४ ला खाण बंद पडली आणि माणसं निघून गेली. १९१६ ची काँक्रीटची चाळ अजून उभी आहे, म्हणजे पडतेय हळूहळू. पण पैसे भरण्याआधी हे वाचा: बोटीने जाता येतं, उतरता येईलच असं नाही. लाटा किंवा वारा जास्त असला की नुसती बेटाभोवती चक्कर मारून परत, मग उतरण्याची छोटी फी तेवढी परत मिळते, बोटीचं भाडं नाही. उतरलात तरी ठरावीक फरसबंदी वाटेवरूनच, बिल्डिंगींच्या आत नाही. आणि आमच्या बोटीवरच्या माहिती सांगणाऱ्याने तिथली शाळा, टीव्ही, गच्चीवरच्या बागा यावर भरभरून सांगितलं, युद्धकाळात कोरियन आणि चिनी मजुरांना इथे जबरदस्तीने राबवलं त्यावर मात्र दोन वाक्यं टाकून पुढे. ते मला खटकलं. वेळ कमी असेल तर हे सोडा, काही अडत नाही. हवामान चांगलं असेल, बोट लागत नसेल आणि जुन्या इमारतींची आवड असेल तरच.

खाण्याचं बोलू. चाम्पोन हा इथला हुकमी पदार्थ, १८९९ ला इथे हॉटेल काढलेल्या एका चिनी माणसाने तो सुरू केला म्हणतात, जाड नूडल्स, कोबी, मोड, गुलाबी कडेचे माशाचे काप, कोळंबी, स्क्विड, आणि रस्सा डुकराच्या नि कोंबडीच्या हाडांचा. म्हणजे शाकाहारी लोकांनी "वरचं काढून द्या" म्हणून काही उपयोग नाही, रस्साच तसा आहे. सारा उदोनचंही तेच, कुरकुरीत तळलेल्या बारीक शेवयांवर घट्ट गोडसर ग्रेव्ही, वर लोक सॉस ओततात, मला हे चाम्पोनपेक्षा आवडलं. इथे सगळंच जरा गोड लागतं कारण बंदरामुळे साखर इथे मुबलक. कास्तेला केक घ्याच, पण खालचा कागद जपून काढा, तळाशी जाडी साखर असते ती कागदाला चिकटून गेली तर मजा गेली. यात लोणी नसतं पण अंडी भरपूर असतात. शाकाहारी मंडळींनी सुपरमार्केट आणि भारतीय हॉटेलं आधीच शोधून ठेवावीत. चष्मा पुलाजवळ, म्हणजे १६३४ च्या मेगानेबाशीजवळ, गाड्यावर गुलाबाच्या आकाराचं आईस्क्रीम लावून देतात, ते खा. पुलावर दहा मिनिटं बस झाली.

शेवटची संध्याकाळ इनासा डोंगरासाठी ठेवा, ३३३ मीटर, रोपवेने वर. शहर परातीसारखं खोलगट असल्यामुळे दिवे कडेने वर चढलेले दिसतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी वर असा, अंधार पडल्यावर आलात तर रोपवेला रांग आणि रेलिंगला जागा नाही. वर वारा जबरी असतो, जॅकेट न्या. आणि ढग असतील तर जाऊच नका, पैसे वाचवून चायनाटाऊनमध्ये जेवा.

बूट चांगले घाला, चाकांची मोठी सुटकेस घेऊन उतारावरचं हॉटेल बुक करू नका, स्टेशन किंवा ट्रामलाईनजवळचंच बघा. जून-जुलैत पाऊस धो धो, ऑक्टोबरच्या ७ ते ९ ला कुनची उत्सव असतो तेव्हा आणि चिनी नववर्षाच्या कंदील उत्सवाला खोल्या फार आधी भरतात.