तीस दिवस की चार वर्षं?

लढाई दूरच्या मुलखात, तहाला विरोध मात्र घरातून. फ्रान्सने यावर दोन उपाय केले. १९५४ मध्ये व्हिएतनाममधला फ्रेंच लष्करी तळ दिएन बिएन फू पडल्यावर नवे पंतप्रधान मेंदेस-फ्रान्स यांनी संसदेत सांगूनच टाकलं: तीस दिवसांत, २० जुलैपर्यंत इंडोचायनात (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) तह, नाहीतर राजीनामा. विरोधकांना जमवाजमव करायला सवडच मिळाली नाही. (सह्या मध्यरात्र उलटून गेल्यावर झाल्या, कागदावर तारीख २० चीच!)

पुढे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाबाबत संदिग्ध बोलत चार वर्षं वेळ काढला, १९६१ ला तिथल्या स्वयंनिर्णयावर सार्वमत घेतलं. तरी फ्रेंच सैन्यातल्या चार जनरलांनी बंड केलंच. अल्जीरियाच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा करणाऱ्या १९६२ च्या एव्हियाँ करारानंतर द गॉल यांच्या मोटारीवर गोळीबारही झाला.

मला मुदतीचा मार्ग पटतो. पण अल्जीरियाची गोष्ट वेगळी होती: तिथे सुमारे दहा लाख युरोपीय राहत होते, आणि कागदोपत्री तो फ्रान्सच होता.