बेळगावहून तनोटपर्यंत कॅम्पर व्हॅननं

बेळगावातनं भाड्यानं कॅम्पर व्हॅन घेऊन आम्ही चौघं थेट जैसलमेर आणि पुढं बॉर्डरजवळच्या तनोटपर्यंत जाऊन आलो, गाडी खरंच दणकट आहे, चढ असो की वाळूचा रस्ता कुठं दमली नाही. जैसलमेर ते तनोट सव्वाशे किमीच्या आसपास, पण रामगडलाच डिझेल फुल करा आणि पाण्याचे दोन कॅन जास्तीचे ठेवा, पुढं नुसतं वाळवंट. तनोटच्या देवळात १९६५ च्या लढाईतले न फुटलेले बॉम्ब ठेवलेत, आई तिथं कितीतरी वेळ हात जोडून उभी होती. तक्रार एकच, मागच्या खिडकीचं रबर सैल आहे, दुपारी वारा सुटला की बारीक वाळू आत, बरोबर घेतलेल्या कुंद्याच्या (बेळगावची खव्याची मिठाई) डब्यावरसुद्धा थर बसला, मालकांनी तेवढं रबर बदलायलाच पाहिजे. बाकी फ्रिज झकास, मी पुन्हा हीच गाडी घेणार.