छावणीतलं कोंबडीदाण्याचं दुकान, तीन महिन्यांचा अनुभव (५ पैकी ४)

आमच्याकडे घरामागे सहा कोंबड्या आहेत, चार तपकिरी आणि दोन कडकनाथ. इंदूरात लोकमान्य नगरला मागे थोडं अंगण आहे म्हणून जमतं. आधी जवळच्याच एका दुकानातून सुट्टा दाणा आणायचो, "अंडेवाला दाना" म्हणून द्यायचे, स्वस्त पडायचा, पण हातात घेऊन नीट बघितलं तर नुसता मक्याचा भरडा आणि थोडा कोंडा. मे मध्ये अंडी रोज चारवरून दोनवर आली आणि एक तपकिरी दुसरीच्या पाठीवरची पिसं उपटून चक्क खायला लागली. मी घाबरले, वाटलं रोगच आला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं खायला काय घालता, आणि म्हणाले मक्यात प्रोटीन जेमतेम ८-९ टक्के, अंडी देणाऱ्या कोंबडीला १६ ते १८ टक्के पाहिजे. पिसं स्वतःच जवळजवळ सगळी प्रोटीनची असतात, ते कमी पडलं की एकमेकींची ओढतात.

मग छावणी मंडीजवळचं हे दुकान सापडलं. दुकानदार काकांनी पोतं दाखवायच्या आधी विचारलं, "ताई, कितने महीने की हैं?" मला हे फार आवडलं, कारण लेयरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीच्या, दाण्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ते लहान पिल्लांना घातलं तर किडनी खराब होते, पिल्लांचा दाणा वेगळा. माझ्या सगळ्या अंड्यावरच्या, म्हणून लेयर मॅश (दळलेला तयार दाणा) घेतला, पोत्याच्या लेबलवर प्रोटीन कमीत कमी १७ टक्के असं स्पष्ट लिहिलेलं.

आता खरी गोष्ट सांगते. पहिला महिना मी मॅशमध्ये निम्मा मका मिसळत होते, पैसे वाचतील म्हणून, आणि फरक काहीच नाही! मग कागदावर हिशोब केला. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, १७ टक्क्याने पावणे एकोणीस ग्रॅम प्रोटीन झालं, निम्मा मका घातला की १३ टक्के म्हणजे चौदा-साडेचौदा ग्रॅम, आणि एका अंड्यातच सहा ग्रॅमच्या वर जातं, उरलेल्यात तिने जगायचं कसं. त्यात आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्या खातातच कमी, म्हणून तेव्हा तर दाणा अजून जोरदार हवा. मका बंद केला, साधारण तीन आठवड्यांत तपकिऱ्यांची अंडी परत चारवर. पाऊस पडून गारवा आला त्याचाही हात असेल, पण पिसं उपटणं थांबलं ते दाण्यानेच, मला खात्री आहे. कडकनाथकडून मी जास्त अपेक्षाच करत नाही, त्या वर्षाला शंभरच्या आतबाहेरच देतात.

सकाळचे उरलेले पोहे पण मी आता संध्याकाळी मूठभरच टाकते, दाणा पोटभर खाऊन झाल्यावर. शेव अजिबात नाही, मीठ असतं.

काकांकडे सोयाबीनची खळी (पेंड) पण मिळते, त्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन. पिसं गळायच्या दिवसात, जेव्हा अंडी बंद होतात आणि नवीन पिसं येतात, तेव्हा मॅशमध्ये थोडी मिसळायची. पण घरी कोणी शेतातलं कच्चं सोयाबीन दिलं तर तसंच घालू नका हं, माळव्यात प्रत्येकाकडे पोतं असतं म्हणून सांगते, कच्च्यात असा घटक असतो की प्रोटीन पचूच देत नाही, चांगलं भाजून घ्यावं लागतं. आणि खळी भरमसाठ पण नको, जास्तीचं प्रोटीन विष्ठेतून बाहेर पडतं, खुराड्यात अमोनियाचा वास डोळ्याला झोंबतो.

एक स्टार कापला तो पोत्यासाठी. सीलबंद फक्त ५० किलोचं. सहा कोंबड्यांना रोज साडेसहाशे ग्रॅम म्हणजे अडीच महिने पुरतं, आणि पावसाळ्यात मॅश इतका ठेवला तर बुरशी धरते, बुरशीचं विष कोंबडीला फार वाईट. काका उघड्या पोत्यातून सुट्टं द्यायला तयार होते पण मी नाही घेतलं, एकदा पोळलेय. तारखेचा शिक्का पण पुसट होता, विचारून घ्यावा लागला. कॅल्शियमसाठीचा शिंपल्याचा चुरा मात्र एक किलो पण देतात, तो वेगळ्या वाटीत ठेवा, ज्यांना हवा त्या आपणच खातात.

पुढचं पोतं समोरच्या काकूंबरोबर अर्धं अर्धं घेणार आहे, त्यांच्याकडे पण पाच आहेत.