डोटा की लीग: फायनल कोणती बघावी?

डोटा आणि लीग ऑफ लेजंड्स, दोन्ही कम्प्युटरवर खेळायचे गेम, दोघांचीही दरवर्षी जागतिक स्पर्धा. दोन्हीकडे पाच-पाच जणांचे संघ, दोन्ही फायनल बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे पाचपैकी तीन गेम आधी जिंकेल तो विजेता. डोटाच्या 'द इंटरनॅशनल' या स्पर्धेचा थाट मोठा. २०२१ मध्ये बक्षिसं ४ कोटी डॉलरवर गेली होती, बहुतेक पैसा चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या खरेदीतूनच आलेला. पण ती नेमकी गणपतीच्या आसपास येते. २०२४ ची फायनल १५ सप्टेंबरला, आणि इथे देवगडात आरत्या, भजनं, वर पावसाने वीज गेलेली.

लीग ऑफ लेजंड्सची जागतिक स्पर्धा, वर्ल्ड्स, पाऊस सरल्यावर. त्याच वर्षी दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी पडवीत मोबाईल टेकवून, करंज्या खात लंडनची फायनल बघितली. कोरियाचा टीवन संघ १-२ ने मागे, मग त्यांच्या फेकर या खेळाडूने चौथा गेम अक्षरशः ओढून आणला, पाचवाही जिंकला, ३-२! अंगावर काटा आला. मी तरी वर्ल्ड्सच निवडेन.