तुटलेली रेझिन मॉडेल्स जोडताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

तलवारीचं टोक, हाताची बोटं, घोट्यापाशी तुटलेला पाय. थ्रीडी प्रिंटरवर द्रव रेझिन कडक करून बनवलेलं मॉडेल मोडतं ते अशाच बारीक जागी. गेले काही महिने मी जेल सुपरग्लू, दोन ट्यूबचं इपॉक्सी आणि प्रिंटिंगचंच द्रव रेझिन आलटूनपालटून वापरतोय. रोजच्या कामासाठी माझी पसंती जेललाच, पण सोबत तारेची पिन हवीच.

प्लॅस्टिक किटसाठी मिळणारं 'सिमेंट' नावाचं पातळ गोंद इथे कामाचं नाही. ते किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवून दोन भाग एकजीव करतं. कडक झालेलं रेझिन त्यात विरघळतच नाही.

जेल ओघळत नाही आणि भाग नीट बसवायला काही क्षण मिळतात. पातळ सुपरग्लू मी फक्त केसासारख्या तड्यांसाठी ठेवलंय, तिथे ते आपोआप आत खेचलं जातं. सुपरग्लू पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे घट्ट होतं, त्यामुळे थर जितका पातळ तितका जोड पक्का. जास्त लावलं तर आतून बराच वेळ ओलं राहतं, शिवाय वाफेमुळे आजूबाजूला पांढरट थर धरतो. वरून प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, मारायचं असेल तर हा थर झाकला जातो. रंगवलेल्या किंवा पारदर्शक मॉडेलवर मात्र फार खटकतो.

सरळ ओढलं तर हा जोड दाद देत नाही. आडवा धक्का बसला की सुटतो, कारण सुकलेलं सुपरग्लू ठिसूळ असतं. पिन लागते ती यासाठीच. मी हाताने फिरवायच्या ड्रिलने दोन्ही बाजूंना ०.८ मिमीचं भोक पाडतो, तीन-चार मिमी खोल, आणि त्यात तेवढ्याच जाडीची पितळी तार बसवतो. भोकं समोरासमोर येण्यासाठी पहिल्या भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि दुसरा भाग त्यावर टेकवायचा. खूण आपसूक उमटते. ड्रिल अगदी सावकाश फिरवा, घाई केली तर बारीक भाग उभा चिरतो. पिन घातलेला एकही हात अजून सुटलेला नाही, याचं मला खरंच समाधान आहे.

जड धड पायथ्यावर बसवायचं असेल तर इपॉक्सी. पाच मिनिटांचं म्हणून मिळतं ते पाच मिनिटांत फक्त आवळतं, पूर्ण ताकदीसाठी दिवसभर हात लावू नये.

द्रव रेझिन आणि ते कडक करणाऱ्या जांभळ्या प्रकाशाचा ४०५ नॅनोमीटरचा टॉर्च ही जोडी सगळे सुचवतात. रंग तंतोतंत जुळतो हे खरं, पण करड्या अपारदर्शक रेझिनमध्ये प्रकाश आतवर पोचत नाही. कडा कडक होतात, मधलं तसंच द्रव राहतं. म्हणून मी ते जोडण्यासाठी वापरत नाही, फक्त वरची फट बुजवायला वापरतो.

चिकटवण्याआधी दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या. ताजी तुटलेली कड घासू नका, तिचे खाचखळगे एकमेकांत बसले तरच सांधा दिसेनासा होतो. इतरत्र घासायचं तर पाणी लावून आणि मास्क घालून, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. हातमोजे नायट्राइलचे घ्या. सुती कापडावर सुपरग्लू सांडलं तर भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते.

उघडलेली ट्यूब मी हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतो आणि बाहेर काढल्यावर तिचा गारवा गेल्याशिवाय झाकण उघडत नाही, नाहीतर आत दव धरून सगळं गोंद घट्ट होतं.